विहीणबाईंचं शिंगाडं

"झाडं माझं ऐकतात," असं मी त्या दिवशी म्हणालो. म्हणालो ते म्हणालो. इंदापुरात आमच्या ऋषिराजची सुपारी फुटली होती, पुरणपोळी अंगावर आली होती, आणि मुलाच्या बापाला अशा वेळी काहीतरी भारदस्त बोलावंच लागतं. त्यात आमच्या होणाऱ्या विहीणबाई, राजलक्ष्मीताई, म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. मी बारामतीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. दोन मास्तर समोरासमोर बसले की थोडी तोंडी परीक्षा होतेच.

त्यांनी साधं विचारलं होतं, "सर, तुम्हाला झाडांची आवड आहे का?" 'आहे' एवढ्यावर भागलं असतं. बारामतीलगत जळोचीला आमच्या घरापुढं एक तुळस, एक कढीपत्ता आणि एक कोरफड आहे. तुळशीचं कौसल्या बघते, कढीपत्ता शेजारीपाजारी बघतात, आणि कोरफडीचं कुणीच काही बघत नाही म्हणून ती जोमात आहे. एवढ्या भांडवलावर मी ते वाक्य बोललो. कौसल्येनं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचं असं पाहणं ऐकू येतं.

"मग माझी मोठी काळजी मिटली," राजलक्ष्मीताई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकत उठून आम्हाला मागच्या पडवीत घेऊन गेल्या.

तिथं भिंतीवर एक फळी टांगलेली होती. फळीवर करपलेल्या भाकरीसारखी तपकिरी पानं एकावर एक चिकटून बसलेली, आणि त्यांच्या मधून हिरवी, पांढुरकी लव असलेली, टोकाला फाटे फुटलेली लांब पानं लोंबत होती. कुणी हरणाचं डोकं भिंतीत गाडून शिंगं तेवढी बाहेर ठेवावीत, असा एकूण देखावा.

"स्टॅगहॉर्न. नेच्याचा प्रकार आहे," ताई म्हणाल्या. "पावसाळी जंगलात मोठ्या झाडांच्या खोडावर राहतो. याला माती लागत नाही."

"मग खातं काय?" कौसल्येनं विचारलं.

"हवा, पाणी, वरून पडलेला पालापाचोळा."

"आन् ज्या झाडावर बसतंय, त्याचं?"

"त्याचं काही घेत नाही. नुसतं राहतं."

"म्हंजे चांगला भाडेकरू," कौसल्या म्हणाली, आणि माझ्या मते या झाडाचं याहून नेमकं वर्णन पुस्तकातही नसेल.

ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात ठरलं होतं. त्यानंतर लग्नापर्यंत त्या भावाकडंच राहणार होत्या. त्यांची मुलगी प्रतिक्षा, आमची होणारी सून, नोकरीमुळं दिवसभर बाहेर. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. त्याच्या आदल्या वर्षी हे झाड घरात आलेलं. "घरातलं माणूसच म्हणा ना," ताई म्हणाल्या. म्हणजे लग्नापर्यंत ते आमच्याकडं राहणार होतं. माणूस सांभाळायला दिलं होतं, आणि त्याला काही होऊन चालणार नव्हतं; त्याच्या घरात माझ्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

सूचना अशा होत्या. ऊन लागता कामा नये, पण उजेड हवा. वारं हवं, पण कोरडं नको. पाणी भरपूर हवं, पण साचायला नको. शाळेचं वेळापत्रक मीच बसवतो, त्यामुळं एकमेकांच्या उलट मागण्या मला नव्या नाहीत; पण शिक्षकांना निदान दम देता येतो.

चैत्र लागला होता. बारामतीत चैत्रात दोरीवर टाकलेला टॉवेल आपण वळेपर्यंत वाळतो. अशा हवेत दमट जागा शोधायची म्हणजे घरात एकच उरते. शिंगाडं, हे नाव समोरच्या तात्याबांनी दिलं आणि ते चिकटलं, ते आमच्या बाथरूममध्ये खिडकीशेजारी लागलं. तेव्हापासून आमच्या घरात आंघोळ हा दुय्यम कार्यक्रम झाला. गरम पाण्याची वाफ फार नको म्हणून ऋषिराजला गार पाणी. साबणाचा शिंतोडा उडू नये म्हणून सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करून बसायचं. लग्न आठवड्यांवर आलेला मुलगा गार पाण्यानं, भिंतीकडं तोंड करून आंघोळ करतोय, हे कुठल्याही बापाला बघवणार नाही. मी बघत नव्हतो.

तात्याबा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. गल्लीत कुणाचीही कसलीही गाडी अडली तर सल्ला त्यांचा. त्यांनी बाथरूमच्या दारातून झाड पाहिलं आणि टोपी काढली.

"सर, ह्ये मेलंय."

"तात्या, ती तपकिरी पानं तशीच असतात. ढालीसारखी. मुळं झाकायला."

"आवं, मेलेली असली तरी असंच म्हणत्यात. एक डाव ताक मारून बघा."

शेजारच्या चंद्राबाईंचं म्हणणं वेगळं होतं. केळीच्या साली. "माझ्या भाचीनं मोबाइलवर बघितलंय. सालीवर ही झाडं फुगत्यात." मी फोनवर ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, हो, एखादी साल मागं खोचायला हरकत नाही. 'एखादी' हा शब्द मी गल्लीत नीट पोचवायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून जळोचीतल्या आमच्या गल्लीनं केळी खायला आणि साली आमच्या दारात ठेवायला सुरुवात केली. कुणी शिकरण केलं तरी साल आमच्याकडं. सालींमागं मुंगळे आले, मुंगळ्यांमागं पाली आल्या, आणि पालींमागं कौसल्या झाडू घेऊन आली. त्या धुमश्चक्रीत झाडाचा एक फाटा मोडला. तो मी पुस्तकात ठेवला. का ठेवला, सांगता येणार नाही. घरातल्या माणसाचा अवयव केरात टाकवेना.

एकदा शाळेतून आलो तर शिंगाडं लखलखत होतं. चंद्राबाई हातात ओलं फडकं घेऊन उभ्या.

"लई धूळ बसली व्हती सर. पांढरी. समदी पुसून काढली."

ती पांढरी लव हीच त्या झाडाची कातडी. तिच्यामुळं पाणी धरून राहतं, असं ताईंनी बजावून सांगितलं होतं. मी चंद्राबाईंना "छान केलंत" म्हणालो आणि आत जाऊन पंख्याखाली पडून राहिलो.

पण खरा घाव तात्याबांनी घातला. वाईट हेतू मुळीच नव्हता. उलट अभिमान होता. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी सांगितलं, "आमच्या सरांच्या न्हाणीत हरणाची शिंगं हायत. जिती. वाढत्यात." आता आमच्या तालुक्यात सुप्याकडं चिंकारांचं अभयारण्य आहे, त्यामुळं हरणाच्या शिंगांची गोष्ट इथं कुणी हसण्यावारी नेत नाही. टपरीवरून ती कुठून कुठं गेली मला माहीत नाही. रविवारी सकाळी दोन खाकी गणवेश आमच्या दारात उभे होते.

"सर, तुमच्या घरात हरणाची शिंगं असल्याची खबर आहे," त्यातला मोठा, मिशीवाला, अदबीनं म्हणाला. "बघावं लागंल."

"अहो ते झाड आहे."

"झाडाला शिंगं?"

"शिंगांसारखी पानं."

"मग बघू द्या की."

दाखवायला माझी काहीच हरकत नव्हती. पण आत कौसल्या न्हात होती. मी दार वाजवलं. "वनखातं आलंय," मी म्हणालो. आतून तांब्याचा आवाज थांबला. "त्यास्नी म्हनावं, बसा." आणि केस धुवायला घेतले असल्यामुळं पुढचा बराच वेळ वनखातं आमच्या सोफ्यावर बसून राहिलं. चहा झाला. पोहे झाले. दारात गल्ली जमली. कुणीतरी मला हळूच विचारलं, जामीन कोण राहणार? एकवीस वर्षांच्या नोकरीत ज्या मास्तराला साधा मेमो आला नव्हता, तो आपल्याच बायकोच्या न्हाण्याची वाट बघत आपल्याच घरात संशयित म्हणून बसला होता.

शेवटी कौसल्या डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. मिशीवाल्यांनी आत जाऊन झाड पाहिलं, पान चिमटीत धरून पाहिलं, वास घेतला.

"ह्ये तर झाडच हाय," ते जरा निराश होऊन म्हणाले. तरी आले होते म्हणून त्यांनी फोटो काढला आणि 'सदर शिंगे वनस्पतीची असल्याचे दिसून आले' असं लिहून तात्याबांची साक्षीदार म्हणून सही घेतली. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, याचं रोप मिळंल का? मंडळींना आवडतं असलं." सोमवारी शाळेत फळ्यावर कुणीतरी माझं चित्र काढलं होतं. चेहरा ठीक होता. डोक्यावर शिंगं होती.

वैशाखात झाडानं मान टाकली. पानं मऊ पडली, टोकं करपली. त्यात ऋषिराजनं पहिल्यांदाच आवाज चढवला. "बाबा, मी लग्नाला हळद लावून कुठं आंघोळ करू?" प्रश्न रास्त होता. आणि तेव्हा मला लासुर्ण्याची विहीर आठवली.

इंदापूरच्या वाटेवर लासुर्ण्याला माझा चुलतभाऊ शंभूराज ऊस करतो. त्याची विहीर दगडी बांधणीची, जुनी. भर उन्हाळ्यात काठावरून वाकलं तरी गार श्वास तोंडावर येतो, आणि आतल्या दगडांच्या फटींत बारका नेचा आपला आपण उगवलेला असतो. जिथं नेचा आहे तिथं नेचा राहणार. भूगोलाच्या मास्तराला एवढं तरी सुचायला हवं होतं. मी स्कूटर काढली. मागं कौसल्या झाड उभं धरून बसली. भवानीनगरपर्यंत लोक आमच्याकडं वळून का बघताहेत ते मला कळेना. मग एका दुकानाच्या काचेत मी आम्हाला पाहिलं. माझ्या हेल्मेटला दोन्ही बाजूंनी शिंगं फुटली होती.

शंभूराजची बायको म्हाळसा हसून हसून खाली बसली, पण दोर तिनंच आणला. पाण्याच्या पातळीच्या पुष्कळ वर, सावलीत, पंपाच्या पाइपाला आम्ही फळी बांधली. आणि काय सांगू, शिंगाड्यानं आठवड्यात मान उचलली. म्हाळसा फोनवर फोटो पाठवायची. नवं पान फुटलं, पांढऱ्या लवेचं, बाळाच्या मुठीसारखं. मी ते फोटो ताईंना पाठवायचो. मागं दगड दिसतात ते कसले, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "हवापालटाला नेलंय" म्हणालो. खोटं नव्हतं. विहीर हा शब्द तेवढा राहून गेला.

मग एके सकाळी म्हाळसाचा फोन आला. आवाजात दिवाळी.

"आण्णा, कॅनॉलला पाणी आलं! आमचा नंबर लागला! ह्यांनी पाट थेट हिरीत सोडलाय, हीर भरून घ्यायची म्हनून!"

अख्खा तालुका महिनाभर ज्या पाण्याकडं डोळे लावून बसला होता, ते आलं होतं. ऊस वाचणार होता. आणि पाण्याच्या बातमीनं घाम फुटलेला बारामती-इंदापूर पट्ट्यातला मी एकटा माणूस असेन.

"अगं, झाड!"

पलीकडं पळण्याचा आवाज. मग लांबवर म्हाळसाचा आवाज, "आवं धनी! आण्णांचं शिंगाडं!" आणि फोन तुटला.

घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. मी कॅनॉलच्या ऑफिसात फोन लावला.

"लासुर्ण्याचं पाणी थोडा वेळ थांबवता येईल का?"

"मिळंल, तुमाला बी मिळंल," पलीकडचे गृहस्थ दमलेल्या आवाजात म्हणाले. "नंबरानं मिळंल."

"मला नकोय."

"नको?"

"थांबवा म्हणतोय."

 "साहेब, माझी नोकरी झाली इथं. पाणी द्या म्हणून लोक अंगावर येत्यात. नको म्हणून आजवर कुणी आलं न्हाय. त्याचा अर्ज कसा असतो ते मलाच ठावं न्हाय."

स्कूटर काढतो तोवर दुसरा फोन. राजलक्ष्मीताई. गुडघा छान झाला होता, काठी घेऊन चालत होत्या, भावाच्या गाडीनं इंदापूरला निघाल्या होत्या, आणि वाटेत आमच्याकडून झाड घेऊन जाणार होत्या. फोन कौसल्येनं घेतला. मी हातवारे करून नको नको म्हणत असताना ती सरळ म्हणाली, "झाड लासुर्ण्याला हाय ताई. तुमच्या वाटंवरच हाय."

लासुर्ण्याला पोचलो तेव्हा पाट विहिरीत धो धो कोसळत होता. फळी बुडाली होती. पाण्यावर तेवढे दोन फाटे दिसत होते, एखादं हरीण पोहायला उतरावं तसे. शंभूराज कपाळाला हात लावून उभा.

"पाट वळव, मोटर लाव!" मी ओरडलो.

"पाट वळवतो. पण लाइट कुठाय, आण्णा?"

वीज नव्हती. डिझेलचं इंजिन होतं ते शेजारच्या रंगूबाईंकडं. आणि रंगूबाई आणि शंभूराज यांच्यात बांधावरून बोलचाल बंद होती, ती मला आठवतं तेव्हापासून. मीच बांधावर गेलो. रंगूबाई उसाच्या कडेला पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"इंजिन देते," त्या म्हणाल्या. "पर पानी माझ्या उसाला जाईल."

मी शंभूराजकडं पाहिलं. महिनाभर वाट बघून मिळालेलं पाणी, तेही वैऱ्याच्या उसाला, तेही एका फळीवरच्या पानांसाठी. त्याच्या तोंडावर काय काय होऊन गेलं ते मला लिहिता येणार नाही. मग तो म्हणाला, "ऋष्याचं लगीन हाय. घ्या म्हनावं." एवढंच म्हणाला आणि पाइप खांद्यावर घेऊन रंगूबाईंच्या बांधावर गेला. मी माझ्या या भावाला इतकी वर्षं नुसता अडाणी समजून त्याची थट्टा करत आलोय असं कुणाला वाटेल, तसं नाही. पण तो मला इतका मोठा कधी दिसला नव्हता.

इंजिन सुरू झालं. पाणी रंगूबाईंच्या सरीत पळायला लागलं. पण दोर सुटला आणि शिंगाडं फळीसकट पंपाच्या पाइपापासून निघून विहिरीच्या मधोमध गेलं. आता कुणीतरी उतरायलाच हवं होतं. शंभूराज इंजिनाशी अडकलेला. मी पँट उतरवली, शंभूराजची चट्टेरीपट्टेरी अर्धी चड्डी चढवली, कमरेत ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब घातली आणि पायऱ्यांवरून पाण्यात शिरलो. मला पोहता येतं. म्हणजे येत होतं. ट्यूब मात्र माझ्या पोटाच्या मापाची नव्हती. मी एकदा आत बसलो तो बसलोच. हात मारत मी झाडापर्यंत गेलो, फळी छातीशी धरली, आणि तेवढ्यात वर, काठावर, म्हाळसा आणि कौसल्येच्या मधोमध मला एक काठी दिसली. काठीच्या वर राजलक्ष्मीताई.

"नमस्कार," मी खालून म्हणालो. दोन्ही हात गुंतले होते.

"सर," ताई म्हणाल्या, "आधी वर या."

वर येणं सोपं नव्हतं. शंभूराजही इंजिन तसंच चालू सोडून धावला; दोर टाकून चौघांनी ओढलं, चौथ्या रंगूबाई. ट्यूब सोडवायला तिची हवा काढावी लागली, आणि ती हवा जाण्याचा आवाज बराच वेळ चालला. होणाऱ्या विहिणीसमोर तो आवाज ऐकत उभं राहणं ही सहनशक्तीची कसोटी होती. मी काठावर, ओल्या चड्डीत, छातीशी ते ठिबकणारं झाड धरून उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. बाथरूम, साली, फडकं, वनखातं, मोडलेला फाटा. "ताई, माझ्याकडून नीट सांभाळलं गेलं नाही. राग माझ्यावर धरा. पोरांच्या लग्नावर नको."

ताईंनी झाड हातात घेतलं. ढालींच्या कडेला बोट फिरवलं. तिथं तीन-चार बारकी पिलं फुटली होती. मी ती पाहिलीच नव्हती.

"खरं सांगू सर?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं हे तुमच्याकडं मरेल."

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात ना, झाडं ऐकतात. तेव्हाच ओळखलं, यांना काही येत नाही. मुद्दाम दिलं." बोलता बोलता त्यांना हसू फुटत होतं आणि डोळेही भरत होते. "प्रतिक्षाच्या बाबांनी आणलेलं. ते गेल्यावर मी याला एक दिवस सोडलं नाही. कुठल्या सहलीला नाही, कुणाच्या लग्नात मुक्काम नाही. माझ्या हातनं मेलं असतं तर मला सोसलं नसतं. दुसऱ्याकडं मेलं असतं तर रडले असते चार दिवस, आणि सुटले असते."

 पलीकडं इंजिन धडधडत होतं.

"आवं मग आधी सांगायचं!" मी तिडकीनं म्हणालो. "पहिल्या आठवड्यातच मेलं असतं ते. आम्हीच धडपड केली!"

पहिल्यांदा म्हाळसा हसली. मग रंगूबाई, मग ताई, इतक्या की त्यांना काठीसकट बांधावर बसावं लागलं. शंभूराज पाण्यात पाय सोडून हसत होता आणि रंगूबाई त्याला म्हणत होत्या, "हसतुयास काय, तिकडची सरी फुटली बघ," आणि त्या दोघांचं ते पहिलं बोलणं होतं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

लग्न झालं. थाटात झालं. हळदीच्या दिवशी ऋषिराजला बाथरूम मिळालं. एक पिलू वनखात्याच्या मिशीवाल्यांकडं गेलं, एक रंगूबाईंनी मागून नेलं. आईझाड ताई परत न्यायला तयार होईनात, आणि मीही, का कोण जाणे, द्यायला तयार होईना.

मागच्या आठवड्यात ताई आणि कौसल्या दोघी मिळून रामेश्वरला गेल्या. ताईंची इतक्या वर्षांतली पहिली सहल. मी घरीच राहिलो. कुणीतरी राहायला हवं होतं. रोज दुपारी फोन येतो. समुद्राचा आवाज येतो, मागून ताई काहीतरी विचारतात, आणि कौसल्या त्यांचा निरोप मला सांगते.

"ताई इचारत्यात, त्याला पानी दिलं का?"

"दिलं," मी म्हणतो. "त्याचं झालं. आता मी जेवायला बसतोय."